गळतंय म्हणून बूच मारू का?

प्रश्न : आमचं हॉटेल आहे, स्वयंपाकघर दुसऱ्या मजल्यावर. काही आठवड्यांपूर्वी एका सकाळी हात धुवायच्या नळाला फेसाळ पाणी आलं, फरशी पुसायच्या केमिकलचा वास येत होता. दोन-तीन मिनिटांत पाणी साफ झालं, म्हणून आम्ही विषय सोडून दिला. पुढे तपासणी झाली आणि ‘बॅकफ्लोचा बंदोबस्त नाही’, म्हणजे वापरलेलं पाणी उलटं फिरून स्वच्छ लाइनमध्ये शिरू नये याची सोय नाही, असा शेरा मिळाला. प्लंबरने मुख्य लाइनवर पाण्याला मागे फिरू न देणारं, आरपीझेड नावाचं पितळी यंत्र बसवलं. तेव्हापासून तीन दुखणी मागे लागली आहेत. यंत्राच्या पोटाखालच्या तोंडातून पाणी ठिबकतं. गरम पाण्याच्या टाकीचा सेफ्टी व्हॉल्व्ह रात्री गळतो, सकाळी खाली थारोळं असतं. आणि भांडी विसळायच्या फवाऱ्याला जोर राहिलेला नाही. प्लंबर म्हणतो, दोन्ही गळत्यांना बूच मारून टाकू आणि पंपाचं प्रेशर वाढवू. करू द्यावं का? आणि मुख्य लाइनवरच यंत्र बसलंय म्हटल्यावर आतल्या नळांची काळजी मिटली ना?

उत्तर : दोन्हीपैकी एकाही ठिकाणी बूच मारू देऊ नका. टाकीच्या व्हॉल्व्हला आधीच मारलं असेल तर पुढचं वाचण्याआधी हीटर बंद करा, टाकी थंड होऊ द्या आणि मग ते बूच काढायला लावा. तुमच्या शेवटच्या प्रश्नालाही माझं उत्तर ‘नाही’ असंच आहे. त्या सकाळी आलेला फेस उद्या पुन्हा येऊ शकतो, मुख्य लाइनवर यंत्र असूनसुद्धा. हे तुम्हाला कुणी सांगितलेलं दिसत नाही, म्हणून त्यावर सविस्तर लिहिणार आहे. पण आधी टाकी, कारण तिथे जिवाशी गाठ आहे.

पाणी तापलं की फुगतं. ३०० लिटरच्या टाकीतलं पाणी १५ अंशांवरून ६० अंशांवर गेलं की जवळजवळ पाच लिटरने वाढतं. आजवर हे जादा पाणी गुपचूप मागे, मुख्य लाइनमध्ये सरकत होतं. आता वाटेत पाण्याला मागे फिरू न देणारं यंत्र आलंय. दिवसा कुणी ना कुणी नळ उघडतो आणि दाब उतरतो. रात्री नळ सगळे बंद, हीटर मात्र चालू. वाढलेल्या पाण्याला सेफ्टी व्हॉल्व्हखेरीज वाटच उरत नाही. म्हणून तुमचं थारोळं सकाळी दिसतं. हा व्हॉल्व्ह बंद केला आणि एखाद्या दिवशी थर्मोस्टॅट अडकला, तर पाणी दाबाखाली शंभर अंशांच्या वर तापत जातं. अशी टाकी फाटली की आतल्या पाण्यातल्या काही भागाची त्याच क्षणी वाफ होते, आणि वाफेला पाण्याच्या सुमारे १६०० पट जागा लागते. अशा स्फोटात भिंती पडतात.

यावर इलाज म्हणजे एक्स्पान्शन टँक. छोटी टाकी असते, आत रबरी पडदा आणि पडद्यामागे हवा. ती थंड पाण्याच्या लाइनवर, तुमचं नवं यंत्र आणि हीटर यांच्या मध्ये बसवायची. पाण्याला जोडण्याआधी तिच्यातली हवा लाइनच्या दाबाइतकी भरून घ्यावी लागते. हे राहून जातं आणि मग टँक असून नसल्यासारखा होतो. टँक लावूनही व्हॉल्व्ह ठिबकत राहिला तर त्याच्या सीटवर, म्हणजे झडप जिथे टेकून बंद होते त्या जागेवर, क्षार बसलेत असं धरून चाला आणि सरळ नवा व्हॉल्व्ह लावा. तो खोलून दुरुस्त करण्यात काही अर्थ नाही.

आता पितळी यंत्र. त्याच्या आत एकामागोमाग दोन चेक व्हॉल्व्ह असतात, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या झडपा, दोन्ही स्प्रिंगने मिटणाऱ्या, आणि दोघांच्या मधल्या खोलीला खालून एक तोंड. मधल्या खोलीतला दाब येणाऱ्या पाण्याच्या दाबापेक्षा कायम कमी राहावा अशी त्याची रचना असते. हा फरक घटून साधारण २ पीएसआयवर (पीएसआय हे दाब मोजायचं एकक) आला की खालचं तोंड उघडतं आणि मधलं पाणी जमिनीवर सांडतं. म्हणजे समजा, दुसरा चेक निकामी झाला आणि स्वयंपाकघराकडचं घाण पाणी मागे आलं, तरी ते स्वच्छ लाइनपर्यंत पोहोचत नाही, तुमच्या फरशीवर येतं. फरशी ओली होते, तेव्हाच तुम्हाला कळतं की आत काहीतरी बिघडलंय. बूच मारलं की उरतात नुसते दोन चेक व्हॉल्व्ह, आणि ते बिघडले तरी बाहेरून कुणाला पत्ता लागणार नाही. मग त्यापेक्षा स्वस्तातलं साधं यंत्र बसवून भागलं असतं.

नव्या जोडणीत ठिबकण्याचं कारण बहुतेक वेळा कचरा असतो. पाइप कापताना पडलेला कीस, टेफ्लॉन टेपचा तुकडा, जुन्या लाइनमधला गंज, यातलं काहीतरी पहिल्या चेकच्या सीटवर अडकतं. यंत्र बसवण्याआधी लाइन फ्लश केली होती का, हे प्लंबरला विचारा. उत्तर देण्याआधी तो जरा घुटमळला तर समजून जा.

दोष नेमका कुठे आहे, हे यंत्र न उघडताही बरंचसं कळतं. स्वयंपाकघर बंद झाल्यावर यंत्राच्या पुढचा, म्हणजे तुमच्या बाजूचा कॉक बंद करा. ठिबकणं थांबलं, तर दुसरा चेक नीट मिटत नाही आणि तुमच्याकडून दाब मागे येतोय. टाकीचा वाढलेला दाब तुमच्याकडे आहेच, त्यामुळे ही शक्यता हसण्यावारी नेऊ नका. थांबलं नाही, तर यंत्राला चार छोटे टेस्ट कॉक असतात, त्यातला बाहेर पडण्याच्या बाजूचा शेवटचा थोडा उघडा आणि पाणी वाहतं करा. वाहू लागल्यावर ठिबकणं थांबलं तर घाण पहिल्या चेकखाली आहे. तरीही चालूच राहिलं तर खालच्या तोंडाचा व्हॉल्व्हच खराब, त्याची सीट किंवा डायफ्रॅम (रबरी पडदा) बघावा लागेल. पंप चालू-बंद होताना तेवढ्यापुरतं चमचाभर पाणी सांडत असेल तर तो दाबाचा चढउतार आहे, त्यासाठी यंत्र खोलायला नको.

खोलायचं झालं तर दोन्ही बाजूंचे कॉक बंद करून टेस्ट कॉकमधून दाब पूर्ण उतरवायचा आणि झाकण बेताने सोडायचं, कारण खाली स्प्रिंग दाबलेली असते. सीट स्वच्छ पाण्याने धुवायची, सुरी किंवा स्क्रूड्रायव्हरने खरवडायची नाही. रबरी चकतीवर खाच पडलेली असेल तर त्याच कंपनीचं किट आणा. आकाराने जवळपास बसणारा वॉशर इथे चालत नाही. परत पाणी सोडताना मागचा, म्हणजे पुरवठ्याच्या बाजूचा कॉक अगदी हळूहळू उघडा, नाहीतर पाण्याच्या दणक्याने नवा वॉशरच आधी खराब होईल. शेवटी गेज लावून चाचणी. पहिल्या चेकने निदान ५ पीएसआयचा फरक धरायला हवा आणि खालचं तोंड फरक २ पीएसआयपर्यंत घटण्याच्या आत उघडायला हवं. हे काम चाचणीचं प्रशिक्षण आणि परवाना असलेल्या माणसाचं आहे, अंदाजाने करण्यासारखं नाही.

जागाही बघून घ्या. यंत्र जमिनीपासून निदान ३० सेंटीमीटर वर हवं, खड्ड्यात तर मुळीच नको, आणि खालच्या तोंडाचं पाणी मोकळ्या अंतरावरून ड्रेनमध्ये पडायला हवं. तोंडाला पाइप जोडून तो ड्रेनमध्ये घुसवला की बंदोबस्तावरच पाणी पडलं. बिघाड मोठा असेल तर त्या तोंडातून थेंबांऐवजी धो धो पाणी येऊ शकतं, तेव्हा खाली इलेक्ट्रिकचं पॅनेल किंवा पोत्यांची थप्पी नको.

फवाऱ्याचा जोर. आरपीझेडमधून जाताना पाण्याचा दाब कमी होतोच, साधारण ०.७ ते ०.८ बार (बार हेही दाबाचंच एकक). त्यामुळे थोडा फरक पडणारच. पण पंपाला हात लावण्याआधी यंत्राच्या अलीकडची जाळी साफ करा, दोन्ही कॉक पूर्ण उघडे आहेत का बघा आणि फवाऱ्याच्या तोंडाची भोकं क्षाराने बुजली आहेत का तेही. पंप सरसकट वाढवला तर टाकीचा व्हॉल्व्ह आणखी लवकर सुटेल, आणि एक्स्पान्शन टँकची हवाही नव्या दाबाला जुळवून परत भरावी लागेल.

आणि आता त्या फेसाकडे.

मुख्य लाइनवरचं यंत्र तुमचं स्वयंपाकघर आणि बाहेरचा पुरवठा यांच्या मध्ये उभं आहे. ते तुमच्यापासून बाकीच्यांना वाचवतं, खालच्या मजल्याला, शेजाऱ्यांना, सार्वजनिक लाइनला. तुमच्या मॉप सिंकपासून, म्हणजे फरशी पुसायची बादली भरायच्या सिंकपासून, तुमच्याच हात धुवायच्या नळाला ते वाचवत नाही, कारण ते दोघेही यंत्राच्या एकाच बाजूला, एकाच पाइपवर आहेत. तपासणीचा शेरा पुसायला ते पुरेलही, पण तुमचा कुक ज्या नळाला हात धुतो त्याचं काम अजून बाकीच आहे.

पाणी उलटं दोन कारणांनी फिरतं. एक, मागून दाब आला तर, म्हणजे एखाद्या मशीनच्या पंपाने किंवा तापलेल्या टाकीने लाइनपेक्षा जास्त जोर लावला तर. दुसरं, पुढून ओढ लागली तर. उभ्या पाइपातलं पाणी खाली उतरू लागलं की वर पोकळी होते आणि प्रत्येक मीटर उंचीमागे सुमारे ०.१ बारची ओढ तयार होते. टाकीतून नळीने तेल उपसताना होतं तेच. दुसऱ्या मजल्यावर असल्याने तुम्ही या ओढीच्या वरच्या टोकाला आहात. खाली कुणी दुरुस्तीसाठी लाइन रिकामी केली की तुमच्याकडे ज्या कुठल्या होजचं टोक पाण्यात बुडालेलं असेल, तिथून पाणी आत खेचलं जातं. बाहेरून लागणारी ही ओढ नवं यंत्र थोपवेल, ते खरं. पण पाणी गेलेलं असताना तुमच्याच आतल्या खालच्या पातळीवरचा नळ कुणी उघडला, तर ओढ आतल्या आतच लागते.

१९३३ साली शिकागोत जागतिक प्रदर्शन भरलं होतं. तिथल्या दोन हॉटेलांतून अमीबिक डिसेंट्रीची, म्हणजे आवेच्या जुलाबांची साथ पसरली, सुमारे १४०० जणांना लागण झाली आणि ९८ जण दगावले. पिण्याच्या पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या पाइपांमधले सदोष जोड हे त्यामागचं कारण निघालं. जिथे दोन प्रकारचं पाणी एकमेकांना भेटू शकतं ती प्रत्येक जागा शोधायची, ही शिस्त प्लंबिंगच्या नियमांत घट्ट बसली ती अशा प्रकरणांमुळे.

तुमचा फेस मॉप सिंकमधून आला असावा, असा माझा अंदाज आहे. तिथे उभं राहून बघा. नळाला दोन तोंडांची जोडणी केलेली असेल. एका तोंडाला केमिकल पाण्यात मिसळणारा भिंतीवरचा डिस्पेन्सर, दुसऱ्याला होज, आणि होजचं टोक बादलीच्या तळाशी, गढूळ पाण्यात. त्या नळाच्या डोक्यावर बाटलीच्या झाकणाएवढी टोपी असेल, तो व्हॅक्यूम ब्रेकर. पाण्याचा दाब असेपर्यंत आतली चकती वर उचललेली राहून हवेचं छिद्र बंद ठेवते. दाब गेला की चकती खाली पडते, छिद्रातून हवा आत येते आणि ओढ तुटते. छान युक्ती आहे, पण एका अटीवर, की नळ रोज बंद व्हायला हवा. या प्रकारच्या ब्रेकरवर सलग १२ तासांहून जास्त दाब ठेवायचा नसतो आणि त्याच्या पुढे बंद करायचा कॉक असता कामा नये. डिस्पेन्सर लावल्यावर काय होतं? नळ कायमचा उघडा आणि चालू-बंद डिस्पेन्सरच्या बटणावर. चकती महिनोन्महिने वर चिकटून बसते. ऐन वेळी ती पडत नाही.

करून बघा. मॉप सिंकचा नळ पूर्ण बंद करा आणि टोपीजवळ कान न्या. ‘फुस्स’ करून हवा आत गेली आणि होजमधलं पाणी ओघळून गेलं तर चकती हलतेय. होज तुडुंब भरलेलाच राहिला तर ती चिकटली आहे, किट बदला. नंतर डिस्पेन्सरला स्वतंत्र लाइन द्या, कायम दाब सहन करणाऱ्या संरक्षणासह. ते लगेच जमत नसेल तर दोन तोंडांच्या जोडणीवर दाब सोडणारं उपकरण मिळतं, नळ उघडा राहिला की ते सतत थोडं पाणी सांडत राहतं. पोरांना ते सांडणं आवडत नाही, म्हणून ती नळ बंद करायला शिकतात. होज अडकवायला भिंतीवर उंच आकडा ठोका.

भांडी विसळायच्या फवाऱ्याचंही तसंच. स्प्रिंग सैल झाली की फवारा लोंबून सिंकच्या काठाखाली जातो आणि सिंक भरलं की पाण्यात बुडतो. स्प्रिंग बदला किंवा होज आखूड करा, लोंबता फवारा काठाच्या वर राहायला हवा. सगळ्यात भरवशाचं संरक्षण हे असं मोकळं अंतरच, कारण त्यात बिघडण्यासारखं काही नसतं. नियम सोपा आहे : नळाच्या तोंडाचा जेवढा व्यास, त्याच्या दुप्पट अंतर, आणि कमीत कमी २५ मिलीमीटर. हे अंतर सिंकच्या काठापासून मोजायचं, रोज पाणी जिथवर भरतं तिथून नाही.

सोडा मशीन असेल तर तिच्याकडे मात्र वेगळं लक्ष द्या. कार्बन डायऑक्साइड भरलेलं पाणी आम्लधर्मी असतं. ते मागे सरकून तांब्याच्या पाइपात शिरलं तर तांबं विरघळतं, आणि ते पिणाऱ्याला लगेच मळमळ, उलट्या सुरू होतात. त्या मशीनच्या पाण्याच्या जोडणीवर मधे हवेला वाट असलेला दुहेरी चेक लागतो, आणि त्याच्यापुढे तांब्याचा किंवा पितळेचा एकही तुकडा नको, स्टेनलेस स्टील किंवा खाद्यपदार्थांसाठी चालणारी प्लास्टिक नळी हवी. तुमच्या प्लंबरने दुरुस्तीत पितळी कोपर घातलेला असेल, तर तो आजच काढा.

ड्रेनच्या बाजूलाही एक फेरी मारा. बर्फाचं मशीन, भाज्या धुवायचं सिंक, स्टीमर यांचे सांडपाण्याचे पाइप थेट ड्रेनला जोडलेले नकोत, मोरीच्या वर मोकळे सुटायला हवेत. बसवताना ते तसे सोडलेले असतात. मग शिंतोडे उडतात म्हणून कुणीतरी रबरी नळीचा तुकडा जोडून तो जाळीत खुपसतो. मोरी तुंबली की ते पाणी नळीतून वर चढून बर्फाच्या पेटीत येतं. तो तुकडा कापून टाका, आणि शिंतोडे फारच असतील तर मोरीला उंच काठ बसवा.

गरम आणि गार पाण्याची आतल्या आत सरमिसळ होते का, तेही तपासा. हीटरकडे जाणाऱ्या गार पाण्याचा कॉक बंद करा आणि कुठलाही नुसत्या गरम पाण्याचा नळ उघडा. थोड्या वेळात धार थांबायला हवी. वाहतच राहिली तर एखाद्या मिक्सरमधून गार पाणी गरम लाइनमध्ये शिरतंय. पहिला संशय फवाऱ्यावर घ्या, कारण तिथे दोन्ही तोट्या दिवसभर उघड्या आणि बंद करायची सोय फक्त हातातल्या मुठीला असते. त्याच्या अंगातले दोन्ही चेक बदलून परत चाचणी करा.

पुन्हा फेस, रंग किंवा वास आला तर ‘साफ झालं’ म्हणून सोडू नका. त्या लाइनवरचं काम थांबवा, त्या वेळात बनलेला बर्फ आणि पेयं टाकून द्या, मशीनमधली फिल्टर काडतुसं बदला, कारण लाइन फ्लश करून ती साफ होत नाहीत. पाणीपुरवठ्याच्या यंत्रणेला कळवा. कदाचित त्या दिवशी लाइनवर काय चाललं होतं ते त्यांच्याकडे नोंदलेलं असेल. केमिकलच्या डब्यावरचं सुरक्षिततेचं पत्रक फाइलमध्ये ठेवा, कुणाला त्रास झाला तर डॉक्टर पहिल्यांदा तेच मागतील.

आरपीझेडची चाचणी दरवर्षी, शिवाय ते जेव्हा जेव्हा खोललं जाईल तेव्हा. तारखेची आणि आकड्यांची चिठ्ठी यंत्राला अडकवून ठेवायची. चाचणीला पाणी बंद करावं लागतं, म्हणून कुणीतरी यंत्राला वळसा घालणारा बायपास काढून द्यायला तयार होईल. त्या बायपासवर तेवढंच संरक्षण देणारं दुसरं यंत्र नसेल तर त्याला नाही म्हणा. चाचणीवाल्याला स्वयंपाकघर बंद असतानाची वेळ द्या, आणि पाणी बंद आहे तोवर जाळी धुणं, टोपीची चकती बदलणं, गरम-गार कॉकची तपासणी ही कामं प्लंबरकडून उरकून घ्या.